मागचा एक्सल, आषाढातला एक दिवस

पहाटे साडेपाच

रोवणीच्या दिवसांत गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावात आमच्या गॅरेजचं शटर वर जायच्या आधीच पायरीवर कोणीतरी येऊन बसलेलं असतं. आज बसलेल्या काकांच्या पोटऱ्यांवर चिखल वाळलाय आणि ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला तिरका उभा आहे. रात्री उशिरापर्यंत मामा (माजी मालगुजारी) तलावाखालच्या बांधीत चिखलणी चालली होती. काम आटोपून डांबरीवर आले, तर ट्रॅक्टर वळेचना.

"स्टेअरिंग ओढू ओढू खांदे गेले, मिस्त्रीभाऊ. पुढची चाकं वळून राहिली, पण ट्रॅक्टर सरळच जाते."

डिफरन्शियल लॉकचा पायडल खाली दबलेलाच राहिला होता. म्हणजे मागची दोन्ही चाकं एकमेकांना जखडलेली. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं आणि ते जमावं म्हणूनच मागच्या एक्सलच्या पोटात डिफरन्शियल बसवलेलं असतं. त्याची एकच अडचण आहे: ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक गाळात गरगरायला लागलं, की त्याला फिरायला जेवढा थोडा जोर पुरतो तेवढाच जोर घट्ट जमिनीवरच्या दुसऱ्या चाकाच्या वाट्याला येतो. इंजिन ओरडत राहतं आणि गाडी जागची हलत नाही. बांधीत यावर उपाय म्हणून ट्रॅक्टरला लॉक दिलेला असतो. पायडल दाबला की दोन्ही चाकं एक होतात, सोडला की सुटतात. काकांच्या ट्रॅक्टरचा पायडल सोडूनही सुटत नव्हता.

दांड्यात गाळ जाऊन गंज धरला होता आणि पायडल परत आणणारी स्प्रिंग तुटली होती. साफ करून, ग्रीस भरून, नवी स्प्रिंग लावेपर्यंत उजाडलं. जाताना काकांना एवढंच सांगितलं, की चाक जोरात फिरायला लागल्यावर लॉक मारू नका, आधी एक्सलेटर सोडा, मग दाबा. आणि धुऱ्याजवळ वळायच्या आधी पाय काढा. फिरत्या चाकावर लॉक मारला की आतली दातेरी कॉलर ठोकर खाते. तिचा खर्च स्प्रिंगच्या कितीतरी पट आहे.

सकाळी आठ

आजचं मोठं काम दारात आलं. सालेकसा तालुक्यातले एक गुरुजी, त्यांची जुनी डिझेल एसयूव्ही, मागच्या चाकांवर चालणारी. गुरुजींचं शेत नाल्यापलीकडे आहे आणि तिकडचा पांदण रस्ता आषाढापासून दिवाळीपर्यंत चिखलाचाच. या गाडीच्या मागच्या एक्सलमध्ये कारखान्यातूनच एलएसडी बसवून आलेलं आहे, म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. ट्रॅक्टरच्या लॉकसारखं ते चाकं जखडत नाही. आत प्लेटांचे दोन गठ्ठे असतात, दोन्ही बाजूंना एकेक. एक चाक दुसऱ्यापेक्षा वेगात पळू लागलं की प्लेटा घासतात, पळणाऱ्या चाकाला आवरतात आणि तेवढा जोर दुसऱ्या चाकाकडे वळवतात. वळणावर मात्र त्या घसरून चाकांना आपापल्या वेगाने जाऊ देतात.

गुरुजींची तक्रार अशी, की घेतली तेव्हा गाडी नाल्यातून आरामात निघायची, आता एकच चाक फिरतं. त्यांनी दुसरीकडे विचारलं होतं. अख्खं युनिट बदला, असं उत्तर मिळालं आणि आकडा ऐकून ते उठून आले. मला म्हणाले, "पाच हजारांच्या वर माझ्याजवळ नाही जी. होत असंल तर करा, नाहीतर मी दिवाळीपर्यंत सायकलनं जातो शेतात."

त्यांनी हेही विचारलं, की नव्या बोलेरो निओमध्ये आपोआप लागणारा लॉक येतो म्हणतात, तो यात बसवता येईल का. महिंद्राने २०२१ साली बोलेरो निओच्या एन-टेन ऑप्शनल मॉडेलमध्ये तसा लॉक दिला, हे खरं. ईटन कंपनीच्या त्या यंत्रात दोन चाकांच्या फेऱ्यांमध्ये मिनिटाला साधारण १०० चा फरक पडला की आतलं वजन उडतं आणि चाकं पूर्ण जखडली जातात, गाडीने वेग घेतला की सुटतात. चांगली वस्तू आहे. पण ती त्याच गाडीच्या एक्सलसाठी घडवलेली. दुसऱ्या गाडीत घालायची तर शाफ्टच्या खाचा, बेअरिंगांचं माप, क्राऊनच्या बोल्टांचा घेर, सगळं जुळवत बसावं लागेल. त्यात पाच हजार कुठे संपले ते कळणारही नाही. त्यापेक्षा आत जे आहे त्याच्याकडून पूर्ण काम करून घेणं शहाणपणाचं.

पाना हातात घेण्याआधी मी टेप घेतला. मागच्या दोन्ही टायरांचा घेर मोजला. डावं टायर नवं, उजवं अर्धं झिजलेलं. घेरात तीन सेंटीमीटरचा फरक. ऐकायला किरकोळ वाटतो. पण सव्वादोन मीटर घेराचं चाक एका किलोमीटरला साडेचारशेच्या आसपास फेरे घेतं. प्रत्येक फेऱ्याला तीन सेंटीमीटर म्हटलं, तर दर किलोमीटरला दोन चाकांत तेरा मीटरचं अंतर पडतं. रस्ता अगदी सरळ असला तरी आतल्या प्लेटा सारख्या घासत राहणार. गुरुजी सालेकश्याहून इथवर आले, ते संपूर्ण अंतर त्यांच्या प्लेटा झिजत आल्या. पुढची दोन टायरं एकाच वेळची आणि सारखी झिजलेली होती. ती मागे घेतली, मागची पुढे टाकली. या कामाला पैसा लागला नाही आणि आजच्या दिवसातलं सगळ्यांत जास्त गुणाचं काम कदाचित हेच असेल.

सकाळी नऊ

आता एलएसडी किती सैल झालंय ते मोजायचं. याशिवाय मी एक्सल उघडत नाही. उघडून, घालून, परत बसवून "आता भारी झाली" म्हणणारे खूप. किती होती आणि किती झाली हे सांगणारे थोडे.

मोजायची रीत सोपी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये, पुढच्या चाकांना लाकडी ओटणं, हँडब्रेक सोडलेला. मागचं एक चाक जॅकवर उचलून घोडीवर टेकवायचं, दुसरं जमिनीवरच ठेवायचं. मग उचललेलं चाक फिरवायला किती जोर लागतो ते पाहायचं. टॉर्क पाना असेल तर उत्तम. आमच्याकडे आहे, पण आयटीआय करून आलेल्या आमच्या पोराला मी मुद्दाम दुसरी पद्धत शिकवतो, कारण उद्या त्याने स्वतःचं दुकान टाकलं तर पहिल्या वर्षी त्याच्याजवळ टॉर्क पाना नसेल. जाड पट्टीला चाकाच्या स्टडांच्या मापाची भोकं पाडून ती हबवर कसायची. तिला एक मीटर लांबीची दांडी. दांडीच्या टोकाला स्प्रिंगचा काटा, बाजारात पोतं तोलायला वापरतात तोच. दांडी उभी ठेवायची आणि काटा आडवा ओढायचा, म्हणजे दांडीचं स्वतःचं वजन मापात येत नाही. एक मीटरवर एक किलोचा ओढा म्हणजे जवळजवळ दहा न्यूटन-मीटर.

पोराने ओढलं. काटा दोन किलोवर गेला आणि चाक सुटलं. वीस न्यूटन-मीटर. तेल-बेअरिंगांचा रेटा वजा केला, तर प्लेटा जवळपास काहीच धरत नाहीत.

त्याला एक गोष्ट मी रोज बजावतो, इथेही लिहून ठेवतो. एलएसडीची गाडी एक चाक उचलून कधीही गिअरमध्ये चालू करायची नाही. साध्या डिफरन्शियलमध्ये उचललेलं चाक नुसतं फिरतं. एलएसडीत जमिनीवरच्या चाकालाही जोर मिळतो आणि गाडी घोडीवरून उडी मारते. दोन्ही चाकं वर, नाहीतर इंजिन बंद.

सकाळी दहा

तेल काढलं. काळं, जळका वास, पण बुचाच्या चुंबकाला फक्त राखाडी लेप होता. लेप म्हणजे झीज, ती चालते. तुकडे निघाले असते तर गिअर गेले असते आणि पाच हजारांचा विषय तिथेच मिटला असता. शाफ्ट ओढले, प्रोपेलर शाफ्ट सोडला, बेअरिंगच्या टोप्यांना पंचाने एक ठिपका डावीकडे, दोन उजवीकडे. या टोप्या जागेवर बसवूनच मशीन केलेल्या असतात, त्यांची अदलाबदल झाली की बेअरिंग वाकडं बसतं. बाजूच्या शिमाही डाव्या वेगळ्या, उजव्या वेगळ्या दोऱ्यात ओवून ठेवल्या. त्या जशाच्या तशा परत गेल्या की क्राऊन-पिनियनची जुळणी बिघडत नाही.

मध्येच एक पिकअपवाला येऊन गेला. धानाचं खत टाकायला जातो, बांधावर अडकतो. त्याच्या गाडीत साधं डिफरन्शियल आहे, एलएसडी घालायचा सवालच नाही. त्याला फुकटचा उपाय सांगितला: एक मागचं चाक फिरायला लागलं की हँडब्रेक दोन-तीन खटके वर घ्या आणि हळू एक्सलेटर द्या. ब्रेक दोन्ही मागच्या चाकांना लागतो. फिरणाऱ्या चाकाला तेवढं ओझं मिळालं की दुसऱ्यालाही तेवढाच जास्त जोर मिळतो. हलक्या अडचणीतून गाडी निघते. निघाली की लगेच ब्रेक खाली, नाहीतर लायनर जळतील.

सकाळी साडेअकरा

डिफरन्शियलचा डबा टेबलावर उघडला. स्टार गिअर, सन गिअर, स्प्रिंगा बाजूला झाल्या आणि प्लेटांचा डावा गठ्ठा निघाला, तसाच, ज्या क्रमाने होता त्या क्रमाने. पोराने प्रत्येक प्लेट काढताना कागदावर टिपलं. हे टिपण फार मोलाचं आहे.

प्लेटा दोन जातीच्या. एकीला आतून दाते, ती सन गिअरवर बसते आणि चाकाबरोबर फिरते. तिच्यावर घर्षणाचा थर असतो. दुसरीला बाहेरून कान, ती डब्यात अडकते आणि डब्याबरोबर फिरते. ती नुसत्या पोलादाची. या गाडीत प्रत्येक बाजूला थराच्या तीन आणि पोलादाच्या चार. कागदावर क्रम उतरला तो असा: पोलाद, पोलाद, थर, थर, पोलाद, थर, पोलाद.

मी पोराला विचारलं, घासणाऱ्या जागा किती?

त्याने मोजलं. पोलादाला पोलाद चिकटलेली असेल तर दोघी डब्याबरोबरच फिरतात, तिथे घासणं नाही. थराला थर लागून असेल तर दोघी चाकाबरोबर, तिथेही नाही. पोलाद आणि थर समोरासमोर येतात तिथेच घर्षण. या क्रमात त्या जागा चार.

आणि एकाआड एक लावल्या तर? पोलाद, थर, पोलाद, थर, पोलाद, थर, पोलाद. सहा.

प्लेटा त्याच, गठ्ठ्याची जाडी तीच, स्प्रिंगचा दाब तोच. घासणाऱ्या जागा चाराच्या सहा झाल्या म्हणजे पकड दीडपट. पोराचा चेहरा पाहण्यासारखा झाला. एक रुपयाचा माल न घालता दीडपट! कारखान्याने क्रम मऊ ठेवला त्यालाही कारण असतं. कमी पकड म्हणजे पार्किंगमध्ये वळताना कुरकुर नाही, टायर घासत नाहीत, शहरातला गिऱ्हाईक तक्रार करत नाही. गुरुजींना शहरातलं पार्किंग नाही, नाला आहे. त्यांच्यासाठी हा बदल योग्य. रोज नागपूरला हायवेने जाणारा माणूस असता तर मी क्रमाला हात लावला नसता.

प्रत्येक प्लेट काचेच्या तुकड्यावर ठेवून पाहिली. डुगडुगली की वाकडी समजायची. एकही वाकडी नव्हती, हे गुरुजींचं नशीब. पोलादी प्लेटांवर निळे डाग आले असते तर त्या जास्त तापल्या असं धरलं असतं, तेही नव्हतं. मायक्रोमीटरने जाडी घेतली. थराच्या प्लेटा जिथे घासत नाहीत त्या कडेला मूळ जाडी मिळते, घासतात तिथे आजची. प्रत्येकी एक दशांश मिलिमीटर गेलेला. तीन प्लेटांचे मिळून तीन दशांश. गठ्ठा तेवढा सैल झाला, स्प्रिंगचा दाब तेवढा उतरला. काट्यावर दोनच किलो दिसले त्याचं हे कारण.

ही तीन दशांशाची जागा भरायला शिम हवा. इथे लोक काय काय करतात ते मी पाहिलंय. डब्याचा पत्रा कापून घालतात, जुन्या ब्लेडचे तुकडे घालतात. तो पत्रा आठवड्यात फाटतो आणि त्याचे तुकडे क्राऊनच्या दातांत जातात. शिम स्प्रिंग स्टीलचाच पाहिजे. खरादीकडे तीन दशांशाची पट्टी पाठवली. एवढा पातळ पत्रा लेथवर तसाच धरता येत नाही, म्हणून खरादी तो दोन जाड चकत्यांच्या मध्ये दाबून एकदमच गोल करतो. कान मी कानशीने पोलादी प्लेटेशी जुळवले, कडा घासून गुळगुळीत केल्या. शिम जातो तो गठ्ठ्याच्या शेवटी, डब्याच्या भिंतीशी. दोन घासणाऱ्या प्लेटांच्या मध्ये कधीच नाही.

आणि तीन दशांश म्हणजे तीनच. "अजून थोडा टाका, एकदम कडक करा," असं म्हणणारे भेटतात. शिम वाढवला की सन गिअर आतल्या बाजूला सरकतो आणि स्टारच्या दातांत घुसतो. दातांमधली मोकळीक गेली की गिअर तापतात आणि तुटतात.

दुपारी दीड

प्लेटा एलएसडीच्या तेलात बुडवून ठेवल्या. कोरड्या प्लेटा बसवल्या तर पहिल्याच वळणात थर जळतो, म्हणून जेवणाची सुट्टी त्यांच्याही कामाला येते. आमचा डबा भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण. गुरुजीही बसले.

त्यांनी विचारलं, हे काढलं कोणी. डिफरन्शियलचं पेटंट १८२७ साली फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेक्योर नावाच्या घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी घेतलं. पुढे शंभरेक वर्षांनी जर्मनीत ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाड्यांना एवढी ताकद आली, की ताशी १६० किलोमीटरच्या वेगातही एक मागचं चाक जागच्या जागी फिरायचं. त्या गाडीचे रचनाकार फर्डिनांड पोर्शे यांनी १९३५ साली झेडएफ कंपनीकडून त्यावर उपाय करून घेतला, तो घसरण आवरणाऱ्या डिफरन्शियलचा. शर्यतीच्या मैदानावरची अडचण आणि गुरुजींच्या तालुक्यातल्या दरेकसाच्या ओल्या मुरमाची अडचण एकच आहे. तिकडे ताकद जास्त झाली, इकडे जमीन निसरडी झाली.

दुपारी तीन

जिप्सीवाला तरुण आला. १ जुलै ते ३० सप्टेंबर नागझिऱ्याच्या जंगलाचा कोअर भाग पर्यटकांना बंद असतो. या महिन्यांत सफारीच्या गाड्या दुरुस्तीला निघतात. त्याचं म्हणणं सरळ होतं: "भाऊ, मागचे स्टार वेल्ड करून टाका. दोनतीनशे रुपयांत काम. व्हिडिओत पाहिलं मी."

स्टार गिअर वेल्ड केले की डिफरन्शियल कायमचं जखडतं. चिखलात गाडी खरंच चांगली जाते. पण तो जंगलात जाण्याआधी गावातून गेटापर्यंत डांबरीवरून जातो. प्रत्येक वळणावर एक टायर फरफटत जाणार आणि जिथे टायरची पकड जास्त, तिथे सगळा पीळ शाफ्टवर येणार. ओल्या रस्त्यावर वळताना मागचा भाग बाहेर फेकला जातो. त्याच्या गाडीत मागे पोरंबाळं घेऊन लोक बसतात. मी त्याला साफ नाही म्हटलं. दुसरा कोणी करून देईल हे मला माहीत आहे, तरी नाही.

त्याऐवजी पुढचे हब पाहिले. एक लागतच नव्हता, म्हणजे त्याची फोर-व्हील खरी टू-व्हीलच चालत होती. साफ करून ग्रीस भरलं. टायरांतली हवा चिखलात कमी करायची, डांबरीवर येण्याआधी परत भरायची, हे समजावलं. जिप्सीचं उत्पादन बंद होऊन वर्षं झाली आहेत, तिचे शाफ्ट दिवसेंदिवस दुर्मिळ होणार. जे आहेत ते सांभाळायला हवेत.

दुपारी साडेचार

जोडणी. प्लेटा एकाआड एक, शिम भिंतीशी, दोन्ही बाजूंना सारखंच. एक बाजू कडक आणि दुसरी सैल ठेवायची नाही. स्टार हाताने फिरवून दातांची मोकळीक पाहिली, आहे. क्राऊनचे बोल्ट लॉकिंगचं द्रव लावून ठरलेल्या जोराने कसले. टोप्या ठिपक्यांप्रमाणे. डायल गेज लावून क्राऊन-पिनियनची मोकळीक घेतली: पंधरा ते वीस शतांश मिलिमीटरच्या आत, उघडण्याआधी होती तेवढीच. नवे ऑइल सील, नवं पॅकिंग.

तेलाबाबत मी कंजुषी करू देत नाही. एलएसडीला घर्षण सुधारणारं ॲडिटिव्ह असलेलं जीएल-फाइव्ह तेलच लागतं. साधं गिअर तेल घातलं तर प्लेटा चिकटतात-सुटतात, चिकटतात-सुटतात, आणि वळताना मागून दाणदाण आवाज येतो. लोक घाबरून पुन्हा एक्सल उघडतात. बऱ्याचदा दोष फक्त तेलाचा असतो.

पुन्हा पट्टी, पुन्हा दांडी, पुन्हा काटा. पोराने ओढलं. तीन, चार, पाच. चाक हलेना. सात किलोच्या जरा आत सुटलं, म्हणजे साधारण पासष्ट न्यूटन-मीटर. वीसचे पासष्ट झाले. त्यात क्रमाचा वाटा आहे आणि शिमामुळे परत आलेल्या दाबाचा वाटा आहे. थोडं बसल्यावर ते जरा उतरेल. हा आकडा गाडीच्या सर्व्हिस बुकच्या मागच्या पानावर तारखेसह लिहिला. पुढच्या वर्षी काटा लावल्यावर कळेल की किती झिजलं.

संध्याकाळी सहा

बाजाराच्या मोकळ्या मैदानावर गाडी नेली. गिअर पहिला, एक्सलेटर जेमतेम, आठाच्या आकड्यात हळूहळू फेऱ्या. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. या फेऱ्यांनी तेल प्रत्येक प्लेटेच्या मध्ये जातं. सुरुवातीला हलकी कुरकुर होती, मग गेली.

मग खरी परीक्षा. मैदानाच्या कडेला पावसाने लोणी झालेली चिखलाची पट्टी आहे. उजवं मागचं चाक तिच्यावर, डावं मुरमावर. सकाळी असंच उभं केलं होतं तेव्हा उजवं चाक नुसतं फिरलं होतं. आता मी क्लच सोडला, उजवं चाक अर्धा फेरा निसटलं आणि डाव्याने गाडी ढकलली. गुरुजींनी स्वतः एकदा चालवून पाहिलं. "निंघाली जी!" एवढंच बोलले.

एक गोष्ट त्यांना तिथेच दाखवली. मैदानाच्या उतारावर गाडी आडवी उभी केली, खाली ओला चिखल. हळू पुढे घेतली तर मागची दोन्ही चाकं एकदम फिरली आणि गाडीचा मागचा भाग उताराकडे सरकला. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक फिरतं आणि दुसरं न फिरता गाडी आडवी धरून ठेवतं. एलएसडीत दोन्ही मिळून ओढतात आणि घसरतातही दोन्ही मिळून. नाल्याचा बांध तिरपा असेल तिथे एक्सलेटर अगदी हलका ठेवायचा. ओल्या डांबरी वळणावरही तसंच. ही ताकद घेताना तिची सवय लावून घ्यावी लागते, म्हणून गाडी देण्याआधी मालकाला हे हातात स्टेअरिंग असताना कळलं पाहिजे, असा माझा आग्रह असतो.

संध्याकाळी साडेसात

हिशोब केला. तेल, ॲडिटिव्ह, दोन सील, पॅकिंग, शिमाची पट्टी, खरादी आणि मजुरी. पाच हजारांच्या आत बसलं. यातला सर्वांत मोठा भाग मजुरीचा आहे आणि मी तो कमी करत नाही, कारण एवढ्या पैशात गिऱ्हाईक जे विकत घेतो ते दिवसभराचं मोजमाप असतं.

पोराने प्लेटांच्या क्रमाचा कागद फायलीत लावला, जुना आणि नवा दोन्ही. गुरुजींना पुढची दोन कामं सांगितली. पाचशे किलोमीटरवर एकदा तेल बदलायचं, कारण नव्या क्रमात बसताना प्लेटा सुरुवातीला जास्त गाळ सोडतात. आणि मागची दोन्ही टायरं नेहमी एकाच वेळी, एकाच मापाची घ्यायची.

तुमच्या गाडीत एलएसडी असेल आणि ते सैल झाल्याची शंका असेल, तर युनिट बदलण्याचा आकडा कोणी सांगण्याआधी टेपने मागच्या टायरांचा घेर मोजून घ्या, तेल कोणतं आहे ते विचारा, आणि मिस्त्रीला म्हणा की उघडण्याआधी काटा लाव, बसवल्यावर परत लाव आणि दोन्ही आकडे मला लिहून दे. जो लिहून देईल त्याच्याकडेच गाडी उघडू द्या.